पहिल्या पानावरून माझं नाव काढजो

आसगाव, गुरुवार

प्रिय गुड्डी,

लोकांसाठी तू आता डॉक्टर कामिनी होशील, औषध न देणारी डॉक्टर, पण मी गुड्डीच म्हणणार. हे पत्र मी सांगून राहिली आणि आपल्या शेजारची रक्षा लिहून राहिली. तीच रक्षा, गावची आशा कार्यकर्ती, घरोघरी फिरून गरोदर बायांची वजनं अन् लेकरांच्या लसी पाहणारी. तिले मी आधीच बजावलं, माझ्या तोंडून जे निघेल ते लिही, त्याले शाळेचा गणवेश घालू नको. ती म्हणते, आजी, तुमचं जसंच्या तसं लिहिलं तर हैदराबादेत ते पत्र नाही, भांडण वाटेल. मग अर्धं माझं अन् अर्धं तिचं असा सौदा ठरला. जिथे गोड लागेल ते रक्षाचं समजजो.

कामाचं आधी सांगते. तुझ्या प्रबंधाचं जाडं बाड मंगळवारी पोस्टानं आलं. सोमवारी त्याची पक्की छपाई होणार, असं तू फोनवर म्हणाली. त्याच्या पहिल्या पानावर तू माझं नाव घातलं. ते काढ. फोनवर मी हेच म्हटलं तर तू हसली अन् म्हणाली, आजी लाजते. अगं, चाळीस वर्षं काविळीचं औषध देत अख्ख्या गावाले जीभ बाहेर काढायले लावणारी बाई कायले लाजणार? पण फोनवर तू मले बोलू देत नाही, आणि आपला फोन असा ओरडतो की अंगणात बसलेल्या तुझ्या बापाले सारं ऐकू जाते. म्हणून पत्र. रक्षा याचे फोटो काढून धाडणार, सोमवारच्या आधी तुझ्या हाती पडेल. नाव काहून काढायचं ते सांगते, पण मले माझ्या चालीनं चालू दे. गुडघे म्हातारे झाले तशी जीभही झाली.

तीन वर्षांमागे भादव्यात तू भुईनीम, माझ्या औषधाचं ते कडू झाड, मागायले आली होती, ते आठवते? सोबत वर्तमानपत्रांचा गठ्ठा, कातरी आणि सोनाराच्या दुकानात शोभावा असा वजनकाटा. आपण दोघी शेतातल्या बोडीच्या पाळीवर, पाण्याकाठी गेलो. मी सवयीनं एक झाड मुळासकट उपटलं तर तू किंचाळली, आजी हळू, मुळं मोजायची आहेत! तिकडून कृष्णराव जाऊन राहिले होते, त्यांनी विचारलं, काय आनंदाबाई, नात कॉलेजात गवत कापायले शिकली का? मी म्हटलं, हाव, पण ती इंग्रजीत कापते, तुमच्याच्यानं होणार नाही. त्या दिवशी पाट्याजवळ वही घेऊन बसली आणि मी तुले माझी रीत सांगितली, जशी माझ्या सासूनं मले सांगितली होती. फुलं यायच्या वक्ताले झाड काढायचं, सावलीत वाळवायचं, मुळापासून शेंड्यापर्यंत सारं कुटायचं, मातीच्या गाडग्यात भिजत घालायचं, सकाळी गाळून उपाशी पोटी दोन घोट. कावीळवाल्याले एकवीस दिवस. आणि पथ्य कडक. तेल नाही, तूप नाही, दूध नाही, फोडणीचा वासही नाही. पेज अन् मीठ. तू सारं लिहून घेतलं. पथ्याशी आल्यावर तुझा पेन थांबला. तू वर पाहून विचारलं, तेलाचा थेंबही नाही? मी छाती काढून म्हटलं, थेंबही नाही. तू ते लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. मले वाटलं, पोट्टीले आजीचा अभिमान वाटून राहिला.

या दिवाळीत तू दोन दिवसांसाठी आली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी लाखोळीची डाळ पाखडत होती आणि तू बाजूले बसून सांगितलं की तुझं काम झालं. मी म्हटलं, समजावून सांग, मले अक्षर येत नाही, अक्कल येते. मग तू सांगितलं. भुईनिमात एक सार आहे, कडूपणा त्याचाच, लिव्हरले राखणारंही तेच. पण ते पाण्यात विरघळत नाही. आतड्याच्या भिंतीशी कसंबसं पोचलं तरी त्या भिंतीत राखणदार बसलेले, आत शिरलेल्याले पुन्हा बाहेर ढकलतात. मी म्हटलं, हळदीसारखं आहे मग. पाण्यात टाकली तर तळाशी जाऊन बसते, तेलात पडली का रंग सोडते. तू अशी उडाली की माझं सूप उलटलं. म्हणाली, आजी, हे समजायले मले दोन वर्षं गेली! मग तू काय केलं ते सांगितलं. त्या साराच्या एका टोकाले चरबीचा लहानसा तुकडा जोडला. आतड्याची भिंतही चरबीचीच, ती त्याले घरचं समजून आत घेते. रक्तात गेल्यावर शरीर तो तुकडा कापून फेकते अन् उरते निव्वळ भुईनिमाचं सार. मी म्हटलं, म्हणजे परक्याच्या वरातीत उसना फेटा बांधून घुसायचं, आणि मांडवात गेल्यावर फेटा काढून पंगतीत बसायचं. तू म्हणाली, अगदी तसंच. कुठे लांब तुकडा जोडला, कुठे आखूड, सत्तावीस तऱ्हा करून पाहिल्या आणि बाविसावी तऱ्हा उंदराच्या रक्तात चांगली उतरली. मी म्हटलं, उंदरांचं भाग्य थोर आहे. तू हसली. मी हसायसाठी बोलली नव्हती.

मग मीच विचारलं. जीभ आवरली असती तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. विचारलं, माझ्या रीतीनं दिलं तर शंभरातलं किती आत जाते? तू दोन बोटं दाखवली. मग जरा दया येऊन तिसरं अर्धं उघडलं. बाकीचं आल्या वाटेनं परत. मी विचारलं, आणि सोबत चमचाभर तेल खाल्लं असतं तर? तू खांदे उडवले, थोडं जास्त गेलं असतं, आजी, कदाचित. मी विचारलं, मग कोंढ्याचे लोक, पवनीचे लोक, पार नाकाडोंगरीकडून बस बदलत आलेले लोक, ते बरे कसे झाले? तू म्हणाली, बहुतेक काविळी आराम केला का आपल्याआपणच उतरतात. म्हणजे चाळीस वर्षं मी लोकांले कडू पाजून निजवलं, एवढंच. बरं त्यांचं शरीर करत होतं अन् नाव आनंदाबाईचं होत होतं. माझं तोंड पाहून तू गळ्यात पडली, म्हणाली, पण आजी, हे सारं तुझ्या गाडग्यातूनच निघालं ना! तू जाईपर्यंत मी तुझ्याशी नीट बोलली नाही. तुले वाटलं, औषधाचा अपमान झाला म्हणून फुगली. वाटू दिलं. माणूस फुगला म्हटलं का पुढचं कोणी विचारत नाही.

इकडचं सांगायचं तर धान कापून झाले, पुंजणे रचून झाले, मळणीचं यंत्र परवा येणार. लाल गायीले गोऱ्हा झाला, तो तुझ्या मामासारखा दिसते, कपाळ मोठं अन् उगीच धडका मारते. बोडीतलं पाणी यंदा टिकलं. तुझ्या बापाचा उजवा गुडघा सुजला, पण तो दवाखान्यात जात नाही, रक्षानं गोळ्या आणून दिल्या त्या देव्हाऱ्यात ठेवल्या. तू त्याचं विचारत नाही, मीही सांगत नाही, असं आपलं वीस वर्षं चालू आहे. घरी येते तेव्हा त्याच्या पाया पडते, त्याले भात वाढते, आणि बसच्या कंडक्टरशी बोलावं तितकंच त्याच्याशी बोलते. तो पण तिकिटासारखं तेवढंच घेते अन् जपून ठेवते. तू गेल्यावर तो रक्षाले विचारते, गुड्डी काय म्हणत होती, तिच्या कामाले नाव काय. आता सत्तावीस तऱ्हांचं सारं त्याले पाठ आहे. माझ्यापेक्षा बरं सांगते.

तर बाड आलं त्या दिवशी मी रक्षाले बोलावलं. आत सारं इंग्रजी, अन् मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घराघराची चित्रं. पहिलं पान तेवढं मराठीत. रक्षानं वाचलं, माझी आजी आनंदाबाई हिला, जी माझ्या आईच्या उशाशी शेवटपर्यंत एकटी होती. रक्षाचे डोळे भरले. मी म्हटलं, पुन्हा वाच. तिनं तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा ते एकटी तिथेच होतं. सांजेले तुझा बाप धानाच्या बांधीतून आला. हात धुतले, धोतराले पुसले, पुन्हा पाहिले, मग बाड उचललं. मागून सुरुवात केली, एक एक चित्र पाहत पुढे आला आणि पहिल्या पानाशी थांबला. माझा चंद्रकुमार सातवी शिकला आहे, गुड्डी, त्याले मराठी वाचता येते. हे तू विसरून लिहिलं का आठवून लिहिलं, ते तुलेच ठाऊक. त्यानं बाड होतं तिथे ठेवलं आणि म्हणाला, बरोबर लिहिलं पोट्टीनं. मग जेवायले बसला. दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

आता तुझ्या मायबद्दल. मंदाबद्दल मी तुले फार सांगितलं नाही, जे सांगितलं ते चांगलं चांगलं सांगितलं. तू नऊ वर्षांची होती. श्रावण लागला होता. तुझा बाप धानाची रोवणी आटोपून नेहमीसारखा नाकाडोंगरीकडच्या खाणीवर कामाले गेला होता. मंदाचे डोळे पिवळे झाले त्याच दिवशी मी गाडगं मांडलं. ती दोन घोट प्यायची, अर्धं ओकायची, मी म्हणायची, पित्त निघून राहिलं. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्याजवळ जवसाची चटणी मागितली, वरून थोडं तेल टाकून. सासूजवळ कधी काही न मागणारी बाई. मी बरणी उचलून कोठीत ठेवली अन् कुलूप लावलं. चौथ्या दिवसापासून ती निजू लागली. दिवसा निजायची, बोलता बोलता निजायची. मी येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगायची, भुईनीम लागू पडला का झोप येते. तू तिच्या बाजूले बसून पाढे लिहीत होती. तिनं तुले तिच्या बहिणीच्या नावानं हाक मारली. तू हसली होती. आठवते तुले? मले आठवते, कारण मीही हसली होती. नवव्या दिवशी दुपारी तुझा बाप पोचला, डोक्यात खाणीची काळी धूळ तशीच. त्यानं तिले उचललं, जीप केली. जीप भंडाऱ्याच्या अर्ध्या वाटेवर होती तेव्हा मंदा गेली. तेराव्याले तुझ्या मामानं, श्रावणनं, भरल्या मांडवात तुझ्या बापाले म्हटलं, बायको मरून राहिली होती अन् तू गोटे फोडत होता. तुझा बाप म्हणाला, मले आठव्या दिवशी कळलं. श्रावण म्हणाला, तू स्वतःहून एक फोन तरी केला होता का? तू खांबाले धरून उभी होती. मी पाहिलं, त्या दिवशी तुझे डोळे बापावरून उठले ते पुन्हा कधी त्याच्यावर बसले नाहीत.

आता रक्षा, पुढचं जसंच्या तसं लिही अन् मधात बोलू नको. पाचव्या दिवशी सरकारी दवाखान्याची नर्सबाई गावात आली होती. तिनं मंदाची पापणी ओढून पाहिली, तिचं नाव तिलेच विचारलं, अन् मंदाले ते सांगता आलं नाही. बाईनं चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली. मले अक्षर येत नाही म्हणून चिठ्ठी समजली नाही, असं मी म्हणू शकली असती, आणि वीस वर्षं मनातल्या मनात म्हणूनही पाहिलं. पण बाईनं ती मले मोठ्यानं वाचून दाखवली होती, दोन वेळा. आजच्या आज भंडाऱ्याले न्या, नवऱ्याले बोलवा, ही झोप चांगली नाही. ती गेली तेव्हा ओसरीवर कोंढ्याचे दोघं जण औषधासाठी बसले होते. त्यांनी विचारलं, बाई काय म्हणते? मी म्हटलं, म्हणते की घरचंच चालू ठेवा, गुण येऊन राहिला. त्यांच्यासमोर मी आपल्याच सुनेले जीपमध्ये घालून नेलं असतं तर ते औषध न घेता उठले असते, एवढंच माझ्या डोक्यात होतं. यापेक्षा मोठं कारण मी वीस वर्षं शोधलं, सापडलं नाही. चिठ्ठी चुलीत गेली. सांजेले फोनवाला टिकाराम स्वतःहून दारात आला, खाणीवर फोन लावू का म्हणाला. मी म्हटलं, कायले, ती मजेत निजली आहे, चंद्रकुमारची हजेरी बुडेल. आठव्या दिवशी टिकारामनंच मले न विचारता फोन लावला, अन् तुझा बाप दुसऱ्या दिवशी दारात होता. उशीर त्यानं केला नाही, गुड्डी. उशीर मी केला, त्याच्या अंगावर घातला, आणि श्रावण बोलत होता तेव्हा मी पंगतीत भात वाढत होती. टिकाराम पुढच्याच साली वारला, म्हणून हे कोणी बोललं नाही. मंदाच्या उशाशी मी एकटी होती हे खरं आहे. बाकीच्यांले मीच दूर ठेवलं होतं. आजवर मी मनाले सांगत आली की औषध तर वेळेवर दिलं, पथ्य पाळलं, पुढचं देवाच्या हाती. तू दोन बोटं दाखवली आणि तो आडोसाही गेला. भंडाऱ्याले नेली असती तर वाचली असती का, हे तू शिकलेली आहे, तुले सांगता येईल, पण मले सांगू नको. सोमवारच्या आधी माझं नाव काढ. त्या जागी कोणाचं घालायचं ते मी सांगणार नाही. या घरात मी फार सांगितलं. रक्षाले म्हटलं, हे धाडायच्या आधी चंद्रकुमारले वाचून दाखव. तिनं पेन खाली ठेवला. म्हणाली, मी बायांले दवाखान्यात न्या म्हणून लोकांच्या पाया पडत फिरते, आजी, हे मी त्यांले वाचून दाखवणार नाही, तुम्ही आपल्या तोंडानं सांगा. मोठ्या मुश्किलीनं तिनं एवढं लिहून दिलं. चंद्रकुमार आला आहे. अंगणात पायावर पाणी घेऊन राहिला. रक्षा पुढची ओळ लिहून उठते म्हणते, तिले जाऊ देते. आता तो ओसरीवर येईल अन् विचारेल, माय, कोणाले पत्र लिहून राहिली?

तुझीच,
आजी
(आनंदाबाई, डाव्या हाताचा अंगठा)